खणातली चिठ्ठी

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला एक इंजेक्शन द्यायचे होते आणि त्यासाठी आरोग्य खात्याची माणसे शाळांत येणार होती. पालकांना चिठ्ठ्या पाठवण्याचे काम आम्हा वर्गशिक्षकांकडे आले. आमच्या वर्गातल्या बऱ्याच चिठ्ठ्या सहीशिवाय परत आल्या. मोबाइलवर एक संदेश फिरत होता : या सुईमुळे मुलांना पुढे औलाद होत नाही.

एका विद्यार्थ्याची अम्मी शाळेत आली. आम्ही तिला समजावू लागलो. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “सर, तुमच्या मुलीला दिली का सुई?”

आम्ही गप्प झालो. आमची मुलगी दुसऱ्या शाळेत होती आणि तिची चिठ्ठी आमच्याच घरी, टेबलाच्या खणात, सहीविना पडली होती. तो संदेश आम्हीही वाचला होता. खरा मानला नव्हता, पण खोटा आहे असे ठामपणे म्हणण्याचे धाडसही केले नव्हते.

वाचकहो, अशा वेळी बाहेरचा समाज चटकन म्हणतो, “हे लोक अडाणी, धर्मवेडे.” आपल्यातले काही जण तितक्याच चटकन म्हणतात, “ही आपल्याविरुद्धची साजिश आहे.” दोन्ही बोलणी वरवर उलट दिसली तरी आतून एकसारखी आहेत. दोघांचेही उत्तर आधीच ठरलेले असते.

कार्ल पॉपर या विचारवंताने विज्ञानाची एक सोपी कसोटी सांगितली. आपले म्हणणे कशामुळे खोटे ठरेल, हे ज्याला आधी सांगता येते तो विज्ञानाच्या वाटेवर असतो. त्या संदेशाला ही कसोटी लावून पाहा. डॉक्टरने नाकारले तर डॉक्टर विकला गेला. मौलानांनी नाकारले तर मौलानाही विकले गेले. मग तो खोटा ठरणार तरी कसा? कोणत्याच पुराव्याने न हलणाऱ्या अशा विचाराला बंदिस्त विचारसरणी म्हणतात. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये वैज्ञानिकांच्या समाजाचे चार नियम मांडले. त्यातला एक म्हणजे संघटित संशय : कोणीही, कितीही मोठा असो, त्याचे म्हणणे तपासल्याशिवाय मान्य करायचे नाही. म्हणजे प्रश्न विचारणे हा विज्ञानाचा अपमान नव्हे, तो त्याचा कायदाच आहे.

आणि आपल्या लोकांच्या प्रश्नांना इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीची दहशत आपल्या वस्त्यांनी भोगली. सुई आणि औलाद यांची भीतीने बांधलेली गाठ तेव्हापासूनची आहे. नायजेरियातल्या कानो शहरात १९९६ मध्ये मेंदूज्वराची साथ असताना एका परदेशी कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी केली. पालकांची रीतसर संमती घेतली नाही, असा आरोप झाला आणि प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टात चालले. पुढे २००३ मध्ये त्याच कानोने पोलिओचे डोस थांबवले, तेव्हा त्या नकारामागे केवळ अज्ञान नव्हते.

पण कारण खरे असले म्हणून नुकसान टळत नाही. अखेर इंडोनेशिया या मुस्लिमबहुल देशात तयार झालेली लस घेण्यास कानो राजी झाला आणि २००४ मध्ये डोस पुन्हा सुरू झाले. तोपर्यंत विषाणू नायजेरियाबाहेर पोहोचला होता. २००५ मध्ये तो थेट इंडोनेशियात उगवला. जिथून भरवशाची लस आली, तिथलीच मुले लुळी झाली. संशय मोठ्यांचा होता, पाय मुलांचे गेले.

आता आपल्या देशाकडे या. २००२ मध्ये भारतात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण आढळले. त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते आणि त्यात मुस्लिम मुलांचे प्रमाण मोठे होते. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या माता म्हणत, “डोस पाजूनही पोलिओ होतोच, मग पाजायचा कशाला?” ही अफवा नव्हती. दाट वस्ती, उघडी गटारे आणि सततचे जुलाब यांमुळे तिथल्या मुलांवर डोसांचा परिणाम खरोखरच कमी होत होता. शास्त्रज्ञांनी हे मान्य केले, तपासले आणि लस बदलली. २००५ मध्ये एका प्रकारच्या विषाणूवर नेम धरणारी लस आली, २०१० मध्ये दोन प्रकारांवरची. दुसरीकडे मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर फिरल्या, मस्जिदींतून एलान झाले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलियासारख्या संस्था पुढे आल्या. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

विज्ञान कधी चुकत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ते चुकते, पण चूक दाखवली की दुरुस्त होण्याची सोय त्याच्यात आहे. अफवेत ती सोय नाही. ईमानाचा तर इथे झगडाच नाही. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मुलाला लस देणे म्हणजे उंट बांधणेच आहे.

त्या अम्मीला आम्ही खरे सांगितले, “नाही दिली. चिठ्ठी खणात आहे.” ती म्हणाली, “मग आधी तुम्ही द्या, मग मला सांगा.” त्याच रात्री आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना आमच्या सगळ्या शंका विचारल्या आणि सही केली. मुलीला इंजेक्शन मिळाल्यावर त्या अम्मीला निरोप धाडला. तिच्या मुलाची चिठ्ठी दोन दिवसांनी सहीसह आली. आमच्या तासाभराच्या भाषणाने जे झाले नाही, ते त्या एका सहीने झाले.

२०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवराची साथ आली आणि काही मुले दगावली. लस न घेतलेल्या दहा मुलांजवळ गोवराचा रुग्ण राहिला, तर त्यातल्या नऊ जणांना लागण होऊ शकते. म्हणून आज घरातले लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. शंका असेल तर जरूर विचारा, डॉक्टरांना विचारा, दहादा विचारा. पण उत्तर मिळाल्यावर चिठ्ठी खणात ठेवू नका.