चालतंय ना, मग काम कसलं उरलंय?

सॉफ्टवेअर एकदा लिहून झालं की पुढचं सगळं मेंटेनन्स, आणि मेंटेनन्स म्हणजे ज्याला डेव्हलपमेंट जमत नाही त्याचं काम. आपल्या आयटीवाल्यांच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलंय की सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला की लोक त्याच रात्री रेझ्युमे अपडेट करायला घेतात. असं वाटणाऱ्यांनी एकदा ओपनएएफएसचा सोर्स उघडून बघावा.

एएफएस ही १९८०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साथीने तयार झालेली फाइल सिस्टिम. दूरच्या सर्व्हरवरच्या फाइल्स आपल्याच मशीनवर असल्यासारख्या दिसतात. लोक काम करत असतानाच आख्खा व्हॉल्यूम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येतो, कुणाला पत्ताही लागत नाही. २००० साली आयबीएमने सोर्स खुला केला, तेच हे ओपनएएफएस. म्हणजे जुनं, तयार, चालणारं सॉफ्टवेअर. मग करायला उरलं काय?

साधा फोल्डर बनवायचं उदाहरण घ्या. लिनक्स कर्नलमध्ये फोल्डर बनवू देणाऱ्या प्रत्येक फाइल सिस्टिमला एमकेडिर नावाचं फंक्शन द्यावं लागतं. २०२१ मध्ये ५.१२ आलं आणि त्याला एक आर्ग्युमेंट वाढलं. २०२३ मध्ये ६.३ आलं, त्या आर्ग्युमेंटचा टाइप बदलला. २०२५ मध्ये ६.१५ आलं आणि रिटर्न टाइपच बदलला. चार वर्षांत तीनदा! युजरला फोल्डर तस्साच दिसतो, पण ओपनएएफएसला जुनी-नवी सगळी कर्नल्स सांभाळायची असतात, म्हणून प्रत्येक बदलामागे एक कॉन्फिगर टेस्ट आणि एक इफडेफ. आणि नवीन कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी येतं, बरं का.

कर्नलवाले सरळ सांगतात की आतले इंटरफेस आम्ही कधीही बदलू, तुमचा कोड आमच्या झाडात आणा, आम्हीच दुरुस्त करू. त्यांच्या घरात त्यांचं बरोबरच आहे. पण ओपनएएफएसला आयबीएमचं लायसन्स आहे, ते जीपीएलशी जुळत नाही, त्यामुळे ते दार बंद. (कर्नलमध्ये केएएफएस नावाचा वेगळा क्लायंट आहे, पण तो वेगळ्याने लिहिलेला.) मॅकवर तर ॲपलने कर्नल एक्स्टेन्शनचंच तोंड आवळत आणलंय.

आणि कुणी हात न लावताही मोडतं. १४ जानेवारी २०२१, आपली दुपारची १:५५. घड्याळातल्या सेकंदांचा आकडा एका ठरावीक बिटपलीकडे गेला, आणि त्यानंतर रीस्टार्ट केलेले १.८ मालिकेतले क्लायंट आणि सर्व्हर एकमेकांशी बोलेनात. जे आधीपासून चालू होते ते मजेत चालू. कनेक्शन आयडी काढणाऱ्या कोडमधली चूक १.८.० पासून गपचूप बसून होती. १.८.७ मध्ये दुरुस्ती आली, ती या मेंटेनन्सवाल्यांनीच केली.

असो. राग मला कर्नलवाल्यांचा नाही, फुकट्यांचा आहे. कंपनी डिस्ट्रो अपग्रेड करते, मॉड्यूल बिल्ड होत नाही, आणि मॅनेजर विचारतो, "ओपन सोर्स आहे ना, मग ते लोक लगेच का देत नाहीत?" अहो, ते लोक म्हणजे मूठभर माणसं! तुमच्याकडे वीस जणांची टीम दर आठवड्याला स्टेटस रिपोर्टचे रंग बदलत बसते. त्यातला एक जण नवीन कर्नलची रिलीज कॅंडिडेट आली की मॉड्यूल बिल्ड करून बघेल आणि एररचा लॉग पाठवेल, एवढं अपग्रेडच्या प्लॅनमध्ये लिहा. आणि अप्रेझलमध्ये ते काम डेव्हलपमेंटच्या रकान्यात टाका.