न निघणारी किल्ली

मंडळी, गाडीची किल्ली अडकली की माणसे वैतागतात. मी मात्र आज किल्लीची बाजू घेणार आहे.

ऑटोमॅटिक गाडीत दोन अडसर असतात. ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा 'पी'मधून हलत नाही, आणि दांडा 'पी'मध्ये आल्याशिवाय किल्ली निघत नाही. जुन्या धाटणीच्या अनेक गाड्यांत हे दुसरे काम किल्लीच्या कुलपापासून दांड्यापर्यंत गेलेली एक केबल करते.

आमच्या जावयांच्या जुन्या गाडीची किल्ली 'पी'मध्येही निघेना. एका गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत इलाज केला: केबलच सोडून ठेवली! आता किल्ली केव्हाही निघते, गाडी 'एन'मध्ये असली तरी. जावई खूश. खिडकी वाजते म्हणून कडीच उपटून टाकावी, तसला हा प्रकार. त्यांच्या घरासमोर उतार आहे आणि आमची पाच वर्षांची नात त्याच गाडीत 'ड्रायव्हर-ड्रायव्हर' खेळते.

हे अडसर कुणा इंजिनिअरची हौस नव्हेत. अमेरिकेत ऑडी ५००० गाड्या आपोआप उसळतात अशी ओरड झाली, तेव्हा १९८७ मध्ये कंपनीने त्या परत बोलावून ब्रेकशी जोडलेले कुलूप बसवले. (१९८९ च्या सरकारी अहवालाचा निष्कर्ष: बहुतेक ठिकाणी पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता.) पुढे २००८ मध्ये तिथे मुलांच्या सुरक्षिततेसाठी कायदा झाला. मागे येणाऱ्या गाडीखाली २००२ मध्ये गेलेल्या कॅमेरॉन गुलब्रान्सेन या दोन वर्षांच्या मुलाचे नाव त्याला दिले आहे. ब्रेकशिवाय 'पी' सुटू नये, हे त्याच कायद्याने १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या ऑटोमॅटिक मोटारींना सक्तीचे केले.

तपासायला पाच मिनिटे पुरतात. सपाट मोकळी जागा, हँडब्रेक घट्ट, इंजिन बंद, किल्ली 'ऑन'वर. ब्रेक न दाबता दांडा ओढा, हलता कामा नये. ब्रेक दाबा, बहुधा बारीकसा 'टक्' ऐकू येतो आणि दांडा सुटतो. मग 'आर', 'एन', 'डी' प्रत्येकात किल्ली काढून पाहा. निघाली तर गडबड आहे. ब्रेक दाबूनही दांडा अडला, तर आधी मागचे ब्रेकचे दिवे लागतात का ते बघा. पुष्कळदा बिचारा स्विच किंवा फ्यूज गेलेला असतो आणि लोक गिअरबॉक्सच्या नावाने रडतात.

केबल लावून घेणे मात्र जाणत्याचे काम. दांडा 'पी'मध्ये, किल्ली त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, मग ॲडजस्टरची खिट्टी मोकळी करून केबलला तिचा ताण घेऊ द्यायचा, खिट्टी परत बसवायची, आणि वरची सगळी तपासणी पुन्हा. ही शेवटची पायरी गॅरेजवाल्याला आपल्यासमोर करायला लावा. तो 'काका, तुम्हाला काय कळतंय' अशा चेहऱ्याने बघेल. बघू द्या! छत्तीस वर्षे वर्गात असले चेहरे पाहिले आहेत.

धाकट्या भावाने फोनवर विचारले की त्याच्या एएमटी गाडीत 'पी' सापडतच नाही. अरे, आपल्याकडच्या बहुतेक एएमटींत तो नसतोच. गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद कर आणि हँडब्रेक पूर्ण ओढ.