जेरबंद भाषा

'बिबट्या अखेर जेरबंद. ग्रामस्थांनी सोडला सुटकेचा निःश्वास.' अहिल्यानगर जिल्ह्यातील कुठल्याही तालुक्याचे नाव घालून हे वाक्य कोणत्याही वर्षी छापता येते. त्याच्या अलीकडचे वाक्यही ठरलेलेच : बिबट्या वस्तीत 'घुसला'. कुठून घुसला, हे मात्र कुणी सांगत नाही.

अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेल्या त्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. खाद्यात सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, उसात माद्या व्यायल्या. त्या पिलांना 'जंगलातून भरकटलेली' म्हणणे हे अज्ञान नव्हे, भाषिक आळस आहे.

हा आळस निरुपद्रवी नाही. 'घुसला' म्हटले की 'हाकला' ओघानेच येते. शेजारच्या जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात शंभरावर बिबटे पकडून दूर सोडले गेले. पूर्वी वर्षाला सरासरी चारच्या आसपास असलेले माणसांवरील हल्ले त्यानंतर सतराच्या घरात गेले. क्रियापद चुकले की धोरणही चुकते, ते असे.

आणि आपण, साहित्याची माणसे? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मधली (1982) वानरे वर्गात शिरताच राजकारणी होतात. रूपकाला ना नाही, शीर्षकच त्याला आमंत्रण देते. पण वानर हे वानर म्हणून वाचण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना कधी लावली? अकोल्यातले महादेव कोळी आणि ठाकर वाघबारसेला वाघोबाची पूजा करतात. तिला 'लोकश्रद्धा' असे लेबल लावून आपण मोकळे होतो. वास्तविक भयाला शेजारात सामावून घेणारी एक परिभाषा तिथे आहे, आणि ती वार्ताहराच्या परिभाषेहून अधिक अचूक आहे.

'ज्यांचे लेकरू गेले त्यांना हे सांगा', असा आक्षेप येईल. यायलाच हवा. पण त्या घराला हवी असते उसाला पाणी देण्यासाठी दिवसाची वीज, अंगणात दिवा, घराजवळ शौचालय, शेळ्यांना बंदिस्त गोठा. 'नरभक्षक' या एका शब्दाने यातले काहीच मागता येत नाही. मागता येतो तो फक्त पिंजरा, आणि तो लगेच मिळतोही. रात्रपाळीची वीज मात्र तशीच चालू राहते.