वाळवंटाकडून शिकायचंच, तर हिशोब शिकू या



आखातातल्या मराठी मंडळींत एक वाक्य वर्षातून दोनदा तरी हमखास ऐकू येतं: "यांनी वाळवंटात गहू पिकवला, आणि आपल्याला मराठवाड्यात पाणी पुरत नाही!" मग ठरलेली यादी सुरू होते. इस्रायल, ठिबक, ड्रोन, हायड्रोपोनिक्स, आणि शेवटी 'आपल्या शेतकऱ्याची मानसिकता'. मी गेली अठरा वर्षं अबू धाबीत पाण्याच्याच प्रकल्पांवर नोकरी करतो. त्यामुळे या वाक्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावं असं फार दिवस मनात होतं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की इथलं वाळवंट हिरवं दिसतं ते मुख्यतः पैशाच्या जोरावर. आणि या देशाकडून घेण्यासारखी जी गोष्ट खरोखर आहे, ती आपल्याला ऐकायचीच नसते.

आधी गव्हाबद्दल. हा गहू दुबईतला नाही, शारजातल्या मलीहाचा. २०२२ साली तिथे ४०० हेक्टरवर पेरणी झाली. पाणी समुद्राचं, गोडं करून पाइपलाइनने आणलेलं. ज्या देशाचं बहुतेक अन्न बोटीतून येतं, त्याने अडीअडचणीची तरतूद म्हणून असा खर्च करणं समजण्यासारखं आहे. पण तो विम्याचा हप्ता झाला. त्याला शेतीचं मॉडेल म्हणू नये.

आपण सगळे आकड्यांची भाषा समजणारे लोक, तेव्हा जरा आकडेमोड करू. अबू धाबीच्या तवीला प्रकल्पात दिवसाला नऊ लाख घनमीटर पाणी गोडं करण्याची क्षमता आहे. त्याच्या निविदेतला दर घनमीटरला साधारण अर्धा डॉलर होता, म्हणजे ४० रुपयांच्या आसपास. हा जगातल्या सर्वांत स्वस्त दरांपैकी एक. आता उसाला हंगामात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं. त्यातले ७०० मिलिमीटर पावसाने दिले असं धरलं, तरी उरलेलं पाणी एकरी ५,००० घनमीटरच्या वर जातं. या दराने त्याची किंमत होते दोन लाख रुपयांहून जास्त. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर हातात येतात १ लाख २० हजार! शिवाय हे पाणी समुद्रकिनाऱ्यावरचं. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे, तिथवर ते चढवण्याची वीज वेगळीच.

याचा अर्थ काय? पाण्याची खरी किंमत लावली तर मराठवाड्यातला ऊस एक दिवसही उभा राहणार नाही. तो आज उभा आहे, कारण ती किंमत दुसरं कुणीतरी भरतं. शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची आटलेली विहीर ती भरते. टँकरपुढे रांगेत उभी असलेली बाई ती भरते. बीडचा कोरडवाहू मजूर दर हिवाळ्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊस तोडायला जातो, त्याची पोरं ती भरतात.

आता इथल्या इतिहासाकडे वळू. अल ऐनच्या ओअॅसिसमध्ये फलज नावाचे जुने पाट आहेत. डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने खजुराच्या बागांपर्यंत येई आणि प्रत्येकाला वेळ मोजून पाळी मिळे. तेलाचा पैसा आल्यावर पंप आले, अनुदान आलं, 'वाळवंट हिरवं करा'ची घोषणा आली. ऱ्होड्स ग्रास नावाचं तहानलेलं गवत जनावरांसाठी मैलोन्‌मैल लावलं गेलं. भूजल खाली गेलं, उरलेलं खारट झालं, फलज आटले. मग २०१० च्या सुमारास अबू धाबीने या गवताचं अनुदान बंद केलं. २०१६ च्या भूजल कायद्याने जमिनीखालचं पाणी अमिरातीच्या मालकीचं ठरवलं. आपल्याकडे मात्र ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी, ही १८८२ च्या कायद्यापासून चालत आलेली समजूत अजून पक्की आहे.

इथले राज्यकर्ते काही संत नाहीत. त्यांच्या कंपन्यांनी चारा पिकवायला अमेरिकेतल्या अॅरिझोनात जमिनी घेतल्या आणि तिथल्या भूजलावरून वाद पेटला. शिवाय इथे निर्णय फर्मानाने होतात, आपल्याला ते ग्रामसभेतच व्हायला हवेत. पण कुठलं पीक आपल्या पाण्यावर घ्यायचं आणि कुठलं बाहेरून आणायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. जेबेल अलीला जगातल्या मोठ्या साखर रिफायनऱ्यांपैकी एक आहे. तिच्यासाठी या देशात उसाचं एक कांडंही लावलेलं नाही!

हा प्रश्न महाराष्ट्रात कुणी विचारला नाही असं नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या भागात ऊस नको असं बजावलं होतं. लागवडीखालच्या जेमतेम ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी पितो, ही नोंद केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाची आहे. तरी कारखाने वाढले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने पिकांसह माती वाहून गेली. हवामान बदल म्हणतात तो हाच: पाऊस येत नाही तेव्हा महिनोन्‌महिने येत नाही, आणि येतो तेव्हा वर्षाचा हिशोब चार दिवसांत चुकता करतो. आम्हीही १६ एप्रिल २०२४ ला ते पाहिलं. अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर!

ठिबकने सगळं भागेल म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: वाचलेलं पाणी जातं कुठे? मर्यादा नसेल तर त्या पाण्यावर शेजारचं एकर उसाखाली येतं. आणि दोष शेतकऱ्याच्या मानसिकतेचा तर मुळीच नाही. उसाला ठरलेला दर आहे, तोडून नेणारा कारखाना आहे. ज्वारी, तूर, हरभऱ्याला हमीभाव कागदावर असतो आणि खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही. अशा वेळी तुम्ही-मी काय लावलं असतं?

मार्ग आपल्याच घरात आहे. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत कुठल्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे सगळे मिळून ठरवत आणि पाटकरी पाळीने पाणी देई. विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येवर दिलं, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य ठरला. हिवरे बाजारात पावसाळा संपला की पडलेलं पाणी मोजतात आणि ग्रामसभा पाण्याचं अंदाजपत्रक मांडते. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. "ही गावं छोटी आहेत" असा आक्षेप येतो. खरं आहे. पण हिशोबाला गाव मोठं असावं लागत नाही. राज्याने त्यामागे धान्य-कडधान्याच्या खरेदीची हमी उभी करावी लागते, आणि तीच मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आता आपल्याबद्दल. गावाकडे दुष्काळ पडला की आपण इथे वर्गणी काढतो. त्या पैशातून बोअर पडतात, प्लॅस्टिकची शेततळी होतात, आणि ती शेततळी भरायला पुन्हा बोअरचंच पाणी उपसलं जातं. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या शेतीत ऊसच उभा आहे. म्हणून पुढचा चेक लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे पाणी कोण मोजणार? त्यावर कुठलं पीक घेणार नाही, हे ग्रामसभेने ठरवलंय का? आणि ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला त्यातलं किती मिळणार?

उत्तरं नसतील तर चेकबुक मिटून ठेवा. आणि हेच तीन प्रश्न आधी आपल्या भावाला, काकांना, घरच्या उसाबद्दल विचारा. ते जास्त अवघड जाईल, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.