कोन एक, भुजा दोन, त्रिकोण किती?

त्रिकोणाच्या दोन भुजा व त्यांमधील कोन दिला असतां त्रिकोण एकच होतो, हें प्रत्येक विद्यार्थी जाणतो. परंतु दिलेला कोन त्या दोन भुजांमधील नसून एकीच्या समोरचा असला, म्हणजे मोठमोठ्यांचीहि फसगत होते. हा प्रश्न केवळ पाटीवरचा आहे असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. तिकोनी जमिनीची वांटणी करावयाची आहे आणि मोजणारानें टिपून आणलेलें माप याच प्रकारचें आहे. तर क्षेत्रफळ काय धरावें?

उदाहरण आम्ही भास्कराचार्यांच्या घरचेंच घेतों. शके १०७२ मध्यें (इ. स. ११५०) रचलेल्या 'लीलावती'त भुजा १० व १७ आणि भूमि ९ असा एक त्रिकोण आहे. त्याचा लंब ८ येतो. पण तो भूमीवर न पडतां तिच्या बाहेर पडतो. म्हणून आचार्यांस एक आबाधा १५ व दुसरी ऋण, म्हणजे उलट दिशेची, ६ मिळते. क्षेत्रफळ ३६. आतां भूमीचें माप पुसून टाकूं, आणि १७ ची भुजा भूमीशीं जो कोन करते (सुमारें २८ अंश ४ कला) तेवढा राहूं देऊं. या भुजेच्या वरच्या टोंकास १० लांबीची दोरी बांधून झुलविली, तर ती भूमीच्या रेषेस दोन ठिकाणीं लागते: लंबाच्या पायापासून ६ अलीकडे आणि ६ पलीकडे. म्हणजे भूमि १५ उणें ६ = ९, अथवा १५ अधिक ६ = २१. भुजा त्याच, कोन तोच. क्षेत्रफळ मात्र एकदां ३६ व एकदां ८४! ज्या भावाच्या वांट्यास हा तुकडा यावयाचा, त्यास हा भेद लहान वाटणार नाहीं. मोजणारानें दुसऱ्या कोपऱ्यावरचा कोन लघु कीं विशाल, एवढें जरी टिपलें असतें तरी भागलें असतें.

दोरी ८ हून आंखूड असती, तर भूमीस पोंचलीच नसती. बरोबर ८ असती, तर एकच काटकोनी त्रिकोण झाला असता. १७ किंवा अधिक असती, तर पुन्हां एकच. दोन उत्तरें मधल्या मापांसच. दिलेला कोन काटकोन वा विशालकोन असल्यास समोरची भुजा दुसरीहून मोठी हवी, नाहींतर त्रिकोणच नाहीं.

मुलें बहुधा साइनच्या, म्हणजे ज्येच्या, नियमांत चुकतात. १७ च्या समोरील कोनाची ज्या ०.८ येते, गणकयंत्र ५३ अंश ८ कला सांगतें आणि मुलगा तेवढ्यावर वही मिटतो. १२६ अंश ५२ कलांची ज्याहि ०.८ च, हें यंत्र आपण होऊन सांगत नाहीं. 'त्रिकोण सोडवा' असें एकवचनीं विचारणारे पुस्तककर्तेहि आम्हांस यांत निर्दोष वाटत नाहींत. चौकोनाच्या केवळ चार भुजा सांगून निश्चित क्षेत्रफळ विचारणारास भास्कराचार्यांनीं पिशाच म्हटलें आहे, आणि उत्तर देणारास त्याहूनहि अधिक! प्रश्न काढणारांनीं तें प्रकरण एकदां पाहावें.

घरीं करून पाहण्यास एक उदाहरण देतों. कोन ६० अंश, त्याच्या लगतची भुजा ८, समोरची ७. तिसरी भुजा पूर्णांकांतच येते. मात्र किती प्रकारें, तें लंब काढल्यावर समजेल.