औषधाआधी पतंगाचे नाव सांगा



पालघर जिल्ह्यातले खोडाळा आणि आपला कोरडवाहू मुलूख यांत साम्य शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. तिकडे मोखाड्याचे डोंगरउतार, धो धो पाऊस, भात, नागली, वरई. कापूस नाही. पण भाताच्या कणगीवर भिरभिरणारा पेंढ्याच्या रंगाचा बारीक पतंग आणि आपल्या बोंडातली गुलाबी अळी ही एकाच घराण्याची लेकरे आहेत. कणगीतला तोच पतंग आपल्या ज्वारीच्या पोत्यातही असतो. शास्त्रज्ञ या घराण्याला जेलेकिडी म्हणतात. जगात त्याच्या साडेचार हजारांवर जाती आहेत. ज्यांच्या घामावर हे घराणे पोसते त्यांनी मात्र त्याचे नावही ऐकलेले नाही.

ते ओळखायचे कसे? पंख मिटून बसलेला पतंग ज्वारीचे दोन दाणे ओळीने ठेवावेत एवढाच. मागचा पंख टोकाशी बोटासारखा निमुळता होतो आणि त्याला केसांची लांब झालर असते. तोंडापुढून दोन बारीक दांड्या डोक्यावर वळलेल्या दिसतात. पुढची ओळख भिंगाखाली. करडा-तपकिरी रंग, त्यावर काळपट डाग आणि मिशीच्या बुडाशी पाच-सहा ताठ केसांचा कंगवा दिसला, तर तो गुलाबी बोंडअळीचा पतंग. त्या कंगव्यावरूनच त्याला पेक्टिनोफोरा हे नाव पडले. सॉण्डर्स या इंग्रजाने १८४३ साली त्याचे पहिले वर्णन केले ते आपल्या शेजारच्या भडोचच्या कापसातल्या नमुन्यांवरून. म्हणजे कीड आपली, कापूस आपला, आणि ओळखपत्र पावणेदोनशे वर्षे इंग्रजीत!

धान्यात तर भिंगही नको. दाण्याला गोल भोक आणि जाळी अजिबात नाही, तर हा जेलेकिडीतला. दाणे जाळ्याने चिकटून गुठळ्या झाल्या असतील तर तो तांदळाचा पतंग, त्याचे घराणे वेगळे. पहिला दाण्याच्या आत वाढतो, दुसरा दाण्यांच्या मध्ये.

हा फरक पंडितांच्या करमणुकीसाठी नाही. या घराण्यातल्या आपल्या बहुतेक वैऱ्यांची अळी आत शिरून खाते, मग ते बोंड असो, दाणा असो की बटाटा. एकदा ती बोंडात गेली, भोक बुजले, की वरून कितीही महाग औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. उघड्यावर येतो तो पतंगच. मोजायचा तर तोच.

२००२ साली बीटी आले आणि बोंड फोडून पाहण्याची आपली सवय मोडली. गुलाबी अळी हळूहळू त्यालाही पुरून उरली. २०१७ साली महाराष्ट्रातल्या कापसाची काय दशा झाली ते नव्याने सांगायला नको. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अळी कोणती, ती कुठे लपली आहे, हे न विचारता पंप पाठीवर घ्यायचा, आणि दुकानदार देईल ती बाटली त्यात ओतायची, याला शेती म्हणायचे काय?

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर सापळ्यामागे आठ पतंग आले तर उपाय करा, असे शास्त्रज्ञ सांगतात. ठीक. पण कुठले आठ? सापळ्यात वाट चुकलेले दुसरे बारीक पतंगही पडतात. तेही मोजले की फवारणीचा खर्च फुकट, आणि खरे पतंग ओळखले नाहीत तर बोंडे गेली. जोडीला डोमकळ्या पाहा, हिरवी बोंडे फोडून पाहा.

काही जातींचा निवाडा पतंगाचे पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय होत नाही, हे खरे. ते काम कृषी विद्यापीठाचे. त्याचा पगार त्यांना मिळतो. टोमॅटोवरची नवी नागअळी याच घराण्यातली. ती २०१४ साली पुणे भागात सापडली, ती कुणीतरी नीट पाहिले म्हणूनच. आपल्या मागण्या दोनच. आपण पाठवलेल्या नमुन्याचे उत्तर हंगाम संपण्याआधी, मराठीत मिळावे. आणि सल्ला देणाऱ्याने औषधाआधी किडीचे नाव लिहून द्यावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने सापळ्यातले पतंग आगपेटीत कापसावर ठेवून आणावेत. चुरगाळू नयेत, पंखांची झालर झडते. पेटीवर गाव, शेत आणि तारीख लिहावी. ज्वारीचे भोक पडलेले मूठभर दाणेही आणावेत. भिंग मंडपात ठेवलेले असेल.