हवा कुठली चांगली?

गेल्या कोजागरीला नेहरू नगरातील एका स्नेह्यांच्या गच्चीवर आम्ही दहा-बारा मंडळी जमलो होतो. दूध आटत होते आणि वाद रंगत होता. विषय तसा निरुपद्रवी होता : अमेरिकेतील कोणत्या शहराची हवा सर्वांत चांगली आणि कोणत्या शहराची सर्वांत वाईट? जमलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची मुले तिकडे स्थायिक झालेली असल्यामुळे प्रत्येकाने आपापल्या लेकाच्या वा लेकीच्या गावाचे वकीलपत्र घेतले होते. सॅन डिएगोच्या पक्षाचे म्हणणे असे की, तेथे बारा महिने ना पंखा लागतो ना कोट. सिॲटलच्या आजोबांना तेथील उन्हाळा म्हणजे स्वर्ग वाटला होता. मात्र हिवाळाभर सूर्यदर्शनासाठी तिष्ठावे लागते, हे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले. ह्यूस्टनहून परतलेल्या वहिनींना तिथे दादरच्या घामाची आठवण झाली होती. मिनियापोलिसमध्ये थंडीपायी इमारतींना जोडणारे बंदिस्त पूलच बांधले आहेत, ही माहिती ऐकून सर्वांनी एकमताने त्या शहराला शेवटचा क्रमांक दिला. अखेरीस एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक म्हणाले, "अहो, कशाला एवढा खल? हवा जगात एकच, माळव्यातल्या रात्रीची!" चंद्र डोक्यावर आला होता, तलावाकडून गार झुळूक येत होती, वाद तेथेच मिटला.

घरी परतताना मात्र एक गोष्ट मनाला टोचत राहिली. आमच्यातील निम्मे लोक व्यवसायाने वैद्यक होते आणि तरीही वैद्याने जो प्रश्न विचारावयास हवा, तो कोणीही विचारला नव्हता. हवा चांगली, ती कोणाला?

एके काळी हा प्रश्न आपल्याच व्यवसायाचा होता. 'हवापालट' हा शब्द आज सहलीपुरता उरला असला, तरी आपल्या आजोबांच्या पिढीत तो औषधाच्या चिठ्ठीवरचा शब्द होता. क्षयाच्या रुग्णाला पाचगणीला किंवा मिरजेला पाठविले जाई. अमेरिकेतही हेच चालले होते. डॉ. एडवर्ड ट्रूडो यांना स्वतःला क्षय झाला, न्यूयॉर्क राज्यातील डोंगराळ भागात राहून त्यांना आराम पडला, आणि त्यांनी सॅरनॅक लेक येथे आरोग्यधाम उभारले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि टूसॉन ही गावे तर पुष्कळ अंशी कोरड्या हवेच्या शोधात आलेल्या रुग्णांमुळे वाढली. पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि हवा औषधाच्या चिठ्ठीवरून उतरून पर्यटनाच्या जाहिरातीत जाऊन बसली. ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर हवेकडे रुग्णाच्या बाजूने पाहण्याची आपली सवयही गेली.

अमेरिकेची हवा एखाद्या मराठी डॉक्टरच्या वाट्याला कशी आली, याचे सर्वांत जुने आणि सर्वांत करुण उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. फिलाडेल्फियाच्या थंडीने त्यांचा बळी घेतला, असे आपण सहज म्हणून जातो. पण क्षय हा जंतूने होतो, थंडीने नव्हे. आणि त्याच थंडीत त्यांच्या वर्गभगिनी शिकत होत्याच. अशक्त प्रकृती, परक्या देशातील आहाराची आबाळ, सवयीचा नसलेला हिवाळा आणि अभ्यासाचा ताण, हे सर्व एकाच देहावर एकाच वेळी येऊन पडले. शहराच्या तापमानाची नोंद सर्वांसाठी एकच होती. तिचा भार मात्र सर्वांवर सारखा नव्हता.

हीच गोष्ट शंभराहून अधिक वर्षांनी शिकागोने फार मोठी किंमत देऊन शिकली. जुलै १९९५ मध्ये तेथे पारा ४१ अंशांवर गेला. आपल्या नागपूरकराला ४१ अंश सांगितले, तर तो म्हणेल, "यंदा उन्हाळा बराच सौम्य दिसतो!" परंतु त्या एका आठवड्यात शिकागोत नेहमीपेक्षा सातशेहून अधिक मृत्यू झाले. हवेत दमटपणा होता, रात्रीही गारवा मिळत नव्हता आणि विटांच्या इमारती भट्टीसारख्या तापल्या होत्या, ही कारणे खरीच. पण समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी या घटनेचा अभ्यास केला, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. शहरातील नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत. हवा तीच, ऊनही तेच, आणि एकटे राहणारे गरीब वृद्ध दोन्हीकडे. तरीही पहिल्या वस्तीत दर लाख लोकांमागे ४० मृत्यू झाले, तर दुसरीत केवळ ४. दुसऱ्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते, दुकाने उघडी होती, म्हातारी माणसे निर्धास्तपणे बाहेर पडत होती. पहिल्या वस्तीत ओस पडलेल्या गल्ल्यांच्या भीतीने ती दारेखिडक्या लावून आत बसली होती. मृतांपैकी अनेक जण आपापल्या खोलीत एकटेच होते. पुढे १९९९ मध्ये पुन्हा तशीच लाट आली, तेव्हा महापालिकेने एकट्या वृद्धांच्या घरी माणसे पाठवून विचारपूस केली आणि मृतांचा आकडा पुष्कळच खाली राहिला.

यावर कोणी म्हणेल की, हा प्रश्न वातानुकूलन यंत्राने सोडविला आहे. फिनिक्स शहराकडे पाहावे. यंत्राशिवाय तेथे राहण्याची कल्पनाच कोणी करीत नाही. तरीही ते शहर ज्या मॅरिकोपा परगण्यात आहे, तेथे २०२३ च्या एका वर्षात उष्णतेमुळे ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघर माणसांचे प्रमाण मोठे होते. आणि जे घरात गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात यंत्र होते, पण ते बंद पडलेले होते.

आपल्याकडील उदाहरणे याहून वेगळी नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसे उघड्या मैदानावर तासन् तास बसली. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात या आकड्याची बातमीही होत नाही. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रात शिकतो. त्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला.

आणि ज्या माळव्यातल्या रात्रीचा आपल्याला एवढा अभिमान, तिच्याविषयीही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र अशीच गार होती. आपल्याला आवडतो तसाच मंद वारा होता. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते, वर उठत नाही. त्यामुळे कारखान्यातून सुटलेला वायू विरून न जाता वस्त्यांवर पसरून राहिला. दोष हवेचा नव्हता, माणसांचा होता. पण जी रात्र गच्चीवर बसणाऱ्याला सुखद, तीच जयप्रकाश नगरातील झोपडीत निजलेल्याला जीवघेणी ठरली, हे भोपाळकराने तरी विसरू नये.

माझे म्हणणे एवढेच की, शहरांच्या हवेची प्रतवारी लावावयाची असेल, तर तापमापक हे तिचे साधन नव्हे. वर्षातील सर्वांत वाईट दिवशी त्या शहरातील सर्वांत दुर्बळ माणूस सुरक्षित राहतो का, ही खरी कसोटी. आवडीनिवडीला माझी हरकत नाही. कोणाला सॅन डिएगो आवडावे, कोणाला पचमढी. पण ती निरोगी आणि छपराखाली असलेल्या माणसाची आवड आहे, एवढे भान ठेवावे. अहमदाबादने हे भान ठेवले. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला : लोकांना आगाऊ इशारा, दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, ठिकठिकाणी पिण्याचे पाणी आणि सावली. यांतील एकही गोष्ट महाग नाही.

आता आपल्या नेहरू नगराकडे वळतो. शिकागोच्या त्या बंद खोल्यांविषयी वाचताना मला आपल्याच गल्ल्या दिसल्या. कित्येक घरांत आज केवळ दोन वृद्ध माणसे आहेत. काही घरांत तर एकच. मुलाला सॅन डिएगोत पंखा लागत नाही, याचे कौतुक सांगणारी आई येथे मे महिन्याच्या दुपारी, वीज गेलेली असताना, रक्तदाबाची आणि लघवी वाढविणारी गोळी घेऊन एकटी पडून असते. या गोळ्या घेणाऱ्याला उन्हाळ्यात पाणी आणि क्षार किती लवकर कमी पडतात, आणि म्हातारपणी तहानच कशी लागेनाशी होते, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक? तरीही एप्रिल लागताच त्यांची मात्रा पुन्हा तपासून पाहण्याची आठवण आपल्यापैकी किती जणांना राहते?

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. आपल्या परिसरात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी. पारा ४२ च्या वर गेला की दुपारी, आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी, प्रत्येकाच्या घरी एक फेरी किंवा निदान एक फोन व्हावा. डॉक्टरांनी गोळ्या पाहाव्यात, तरुणांनी पाण्याची आणि पंख्याची चौकशी करावी. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणि चौकातला भाजीवाला यांनाही या यादीतून वगळू नये. खरे ऊन त्यांच्याच डोक्यावर असते.

पुढच्या कोजागरीला आपण पुन्हा जमू आणि वादही घालू. अमेरिकेतील शहरांना खुशाल क्रमांक देऊ. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आपल्या यादीतील एकही नाव कमी झालेले नसेल, तर भोपाळची हवा सर्वांत चांगली, हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला खऱ्या अर्थाने मिळेल.